अ‍ॅव्हरेज पडलं की

(शुक्रवारची संध्याकाळ. बाळकुमहून निघालेली प्रधानांची गाडी घोडबंदर रोडवर अडकली आहे. चालवताहेत निवृत्त इंजिनिअर बाळ प्रधान. शेजारी मांडीवर मोड आलेल्या वालांचा डबा घेऊन त्यांची पत्नी मंदाकिनी.)

मंदाकिनी : म्हणजे सगळं ठाणं हा जाम चुकवायला आतल्या रस्त्यांनी पळतंय, आणि आपण सुखासुखी घरातून उठून यात येऊन बसलोय. सांगितलं कुणाला तर वेड्यात काढतील.

बाळ : सांगायचंय कशाला कुणाला? तू वाल सोल.

मंदाकिनी : सोलतेच आहे. एखादं साल सीटवर पडलं तर ओरडायचं नाही, आधीच सांगून ठेवते.

बाळ : ते बघ, ते बघ! हिरवं चिन्ह आलं. म्हणजे आत्ता आपण पेट्रोलचा एक थेंब न जाळता चाललोय.

मंदाकिनी : चाललोय कुठे? समोरच्या टेम्पोच्या मागे जे लिहिलंय ते तोंडपाठ झालं माझं.

बाळ : तेच तर हवंय आपल्याला. अगं, साध्या गाडीला जाम म्हणजे शिक्षा. ही हायब्रिड. हळू चालली की बॅटरीवर चालते आणि ब्रेक दाबला की तीच बॅटरी भरून घेते. मोकळ्या हायवेला पळवली तर लिटरला वीस देईल. इथे एसी बंद ठेवून मुंगीच्या पावलांनी नेली तर सत्तावीस. हिला जाम म्हणजे माहेर.

मंदाकिनी : माहेरात एवढा धूर असेल तर पोर सासरीच बरी.

बाळ : हस तू. मंगळवारपासून रोज येतोय, वाया नाही गेलेलं. महिन्याची सरासरी साडेचौदा होती, आता सोळाला टेकली.

मंदाकिनी : चार संध्याकाळी कंबर मोडून दीडच आकडा?

बाळ : सरासरी आहे ती. महिन्याभराचं पाप चार दिवसांत धुतलं जात नाही.

मंदाकिनी : पाप हा शब्द तुम्ही काढलात हं. मी नाही.

बाळ : म्हणजे?

मंदाकिनी : काही नाही. रिक्षा सरकली पुढची. व्हा पुढे.

बाळ : तुझ्या लेकाचं, केदारचं म्हणणं असं की बॅटरी चालली. वॉरंटी आहे तोवर विकून टाकू म्हणतो. ऑफिसातला कोणीतरी घ्यायला तयार आहे म्हणे. त्याला आकड्यांनीच उत्तर द्यायला हवं. आकडा वर गेला की गप्प बसेल.

मंदाकिनी : आणि मग गाडी विकणार नाही.

बाळ : नाही विकणार.

मंदाकिनी : मग रविवारी तो येईल कशाला?

बाळ : येईल की. ठरलंय ना.

मंदाकिनी : गाडी न्यायला येणार होता, अहो. न्यायला गाडी नाही, तर यायला कारण नाही. तुमच्या हे डोक्यात कसं आलं नाही? एवढे इंजिनिअर!

बाळ : आलं होतं.

मंदाकिनी : आलं होतं? आणि तरी मला रोज इथे आणून बसवताय? बुधवारी भिजवलेत हे वाल मी. फडक्यात बांधून मोड आणले. नारळाच्या दुधातलं बिरडं केलं की तो भाताबरोबर खातो, पोळीबरोबर खातो आणि शेवटी वाटी तोंडाला लावतो. नवरात्रात आला होता तो शेवटचा. टेंभी नाक्याच्या देवीला गेला आणि जाताना आपल्या बिल्डिंगखाली दोन मिनिटं थांबला. श्रिया मागच्या सीटवर झोपलेली. काचेतूनच बघितलं मी नातीला. केस केवढे वाढलेत, एवढंच कळलं.

बाळ : मंदा, तो रविवारी येईल, बिरडं खाईल, वाटीही तोंडाला लावेल. मग गाडी घेऊन जाईल. आणि सोमवारपासून? सोमवारपासून मला फोन कशाला करेल तो?

मंदाकिनी : म्हणजे तुम्हाला फोन हवाय आणि मला पोरगा हवाय.

बाळ : मला काय पोरगा नकोय? पण एकदाच येणार असेल, तर त्यापेक्षा आठवड्याला फोन बरा.

मंदाकिनी : आठवड्याला! तो तुमची चौकशी करायला करतो का फोन?

बाळ : गाडीची चौकशी करायला करतो. माहीत आहे मला.

मंदाकिनी : मलाही माहीत आहे. "टायरची हवा बघून येतो" म्हणून किल्ली घेऊन जाता खाली. गॅलरीतून पार्किंग दिसतं, विसरलात वाटतं. काचा वर, एसी चालू, आणि तुम्ही आत बसलेले. अर्धा अर्धा तास! वॉचमन मला विचारत होता, साहेबांची तब्येत बरी आहे ना.

बाळ : तू बघत होतीस?

मंदाकिनी : होळीच्या आधीपासून बघतेय.

बाळ : आणि बोलली नाहीस?

मंदाकिनी : आधी वाटलं, घरात उकडतंय म्हणून बसत असतील. मग लक्षात आलं. तुम्ही असे बसून आलात की दोन दिवसांत फोन येतो. "बाबा, अ‍ॅव्हरेज परत पडलं." मग तुमचं तास तास चालायचं, टायरचं प्रेशर आणि कसलं कसलं ऑइल.

बाळ : जागेवर उभी ठेवून एसी लावला की बॅटरी उतरते. ती भरायला इंजिन चालू होतं. पेट्रोल जळतं आणि किलोमीटर शून्य. त्याच्या मोबाईलवर ते अ‍ॅप आहे ना, त्यात त्याला सगळं दिसतं. गाडी त्याच्याच नावावर आहे. ऑफिसची गाडी मिळाली तेव्हा ही मला दिली आणि म्हणाला, "बाबा, वीसच्या खाली येऊ देऊ नका." मी येऊ दिलं नव्हतं गं! दीड वर्ष प्रत्येक टाकी फुल केली की किती किलोमीटर, किती लिटर, सगळं कळवायचो. त्याचा अंगठा यायचा. नुसता अंगठा. चांगलं चाललेलं असलं की माणूस काय बोलणार?

मंदाकिनी : मग?

बाळ : मग दिवाळीत तुझा पाय मुरगळला. गाडी काय, दवाखान्यापर्यंत आणि परत. थंड इंजिन, छोट्या फेऱ्या. आकडा अठरावर आला. त्याच संध्याकाळी फोन! "बाबा, काय झालं?" मला किती दिवसांनी विचारलं कुणी तसं. बाबा, काय झालं.

मंदाकिनी : गाडीचं विचारत होता तो.

बाळ : हो. पण शब्द तेच होते ना.

मंदाकिनी : अहो, डोळे पुसा आधी. गाडी चालवताय.

बाळ : चालवतोय कुठे? उभी आहे.

मंदाकिनी : मी का गप्प बसले ते सांगू? तुमचं बोलून झालं की फोन माझ्याकडे द्यायचात. "आई, जेवलीस का?" एवढंच विचारायचा तो. तेवढ्यासाठी बसू दिलं मी तुम्हाला त्या पार्किंगमध्ये. एकदा तर वाटलं, आपणही जाऊन बसावं शेजारी, लवकर पडेल आकडा.

बाळ : माणसांनी पडत नाही, एसीने पडतो.

मंदाकिनी : कळलं हो! पण झालं काय शेवटी? आपल्याच हातांनी धोंडा पाडून घेतला पायावर. तुम्ही आकडा पाडलात, त्याला वाटलं गाडी बिघडली. आता तो ती विकायला निघालाय, आणि आपण इथे धूर खात आकडा वर काढतोय.

बाळ : पूल झाला तेव्हा किती खूश झालेलो आपण. माणकोलीवरून अर्ध्या तासात डोंबिवली. मला वाटलं, आता काय, कधीही येईल.

मंदाकिनी : पूल नव्हता तेच बरं होतं. लांब आहे, वाटेत जाम असतो, असं म्हणता तरी यायचं. बहिणीचा मुलगा बोस्टनला आहे, तिला कुणी विचारत नाही का येत नाही म्हणून. माझा डोंबिवलीत आहे, आणि मला रोज सगळे विचारतात.

बाळ : आपण जाऊन आलो होतो की एकदा.

मंदाकिनी : न सांगता गेलो होतो. रसिका बिचारी मीटिंगमध्ये. एका हाताने लॅपटॉप धरून दुसऱ्या हाताने पाणी दिलं तिने. आपण दोन तास कुजबुजत बसलो होतो, आठवतंय? परक्याच्या घरी मुलगी बघायला गेल्यासारखे. सुनेचा दोष नाही काही. कुणाचाच नाही, तीच तर पंचाईत आहे. भांडण असतं तर मिटवलं असतं मी. भांडणच नाही तर काय मिटवायचं?

बाळ : वाजतोय. त्याचाच आहे.

मंदाकिनी : घ्या ना मग! तो सगळ्या गाडीभर ऐकू येतो तसा घ्या.

केदार : हॅलो, बाबा? कुठे आहात? अ‍ॅपवर गाडी पाटलीपाड्याला दिसतेय, कधीची हललीच नाही. सगळं ओके ना?

बाळ : ओके, ओके. जाम आहे रे.

केदार : पण या टायमाला घोडबंदरला कशाला गेलात? काही अर्जंट?

मंदाकिनी : हवा खायला आलोय.

केदार : आई? तू पण आहेस? घोडबंदरला हवा खायला? कमाल करता तुम्ही पण. मीपण अडकलोय यार, काटई नाक्याच्या अलीकडे. महापेहून निघालेलो, तेव्हापासून हे असंच. हॉर्न ऐकताय ना? बरं बाबा, ते सोडा. आजचं अ‍ॅव्हरेज बघितलंत? सत्तावीस! काल पण सव्वीस. मंगळवारपासून एकदम सही चाललीये. काय केलंत? सर्व्हिसिंग?

बाळ : नाही रे. सावकाश चालवतोय, बस.

केदार : म्हणजे बॅटरी ठणठणीत आहे. मी उगाच टेन्शन घेतलं. मग नको विकायला. तुमच्याकडेच राहू दे, मी त्या माणसाला नको सांगतो. खूश?

बाळ : खूश. खूश म्हणजे काय, छानच झालं.

केदार : आणि मग रविवारचं पण कॅन्सल करूया का? सकाळी श्रियाची स्केटिंगची कॉम्पिटिशन आहे, दुपारी रसिकाचं ऑफिसचं काहीतरी. गाडी न्यायची म्हणून मी कसंतरी अ‍ॅडजस्ट केलेलं. आता घाई नाही ना. नेक्स्ट मंथ येतो, निवांत.

बाळ : हो, हो. घाई कसली आलीये.

केदार : आई, चालेल ना?

मंदाकिनी : वाल सोललेत मी.

केदार : काय?

मंदाकिनी : वाल. बिरड्याचे.

केदार : अगं, मग फ्रीझरमध्ये टाक ना. आलो की कर.

मंदाकिनी : टाकते. गेल्या वेळचेही तिथेच आहेत.

बाळ : मंदा, जाऊ दे. त्याला कामं असतात.

मंदाकिनी : असू देत. केदार, आता मी बोलते आणि तू मध्ये बोलायचं नाहीस. गाडीला काहीही झालेलं नव्हतं. तुझे बाबा पार्किंगमध्ये गाडी चालू करून, एसी लावून बसत होते.

बाळ : मंदा, नको.

मंदाकिनी : का नको? सत्तरीला आलेला माणूस चोरासारखा गाडीत जाऊन बसतो, मुद्दाम पेट्रोल जाळतो. ज्या माणसाने जन्मात कधी दिवा विनाकारण चालू ठेवू दिला नाही, तो! का, तर आकडा पडला की मुलाचा फोन येतो. आणि मी वरून बघत होते आणि गप्प होते, कारण तो फोन मलाही हवा होता. तुझी आठवण येते रे. रोज येते. एवढंच आहे. गाडी वीक नाहीतर ठेव.

बाळ : केदार? तिचं काही मनावर घेऊ नकोस. ती काहीही बोलते. केदार? लाइन गेली वाटतं.

केदार : नाही बाबा. आहे मी.

बाळ : बरं.

केदार : मला दिसायचं ते. अ‍ॅपमध्ये. गाडी चालू, डिस्टन्स झीरो. मला वाटलेलं, सेन्सर गेलाय.

बाळ : सेन्सर चांगला आहे.

केदार : तुम्ही नुसता फोन करायचा ना, बाबा.

बाळ : करतो की. तू मीटिंगमध्ये असतोस, नंतर करतो म्हणून मेसेज येतो. तेही ठीक आहे. पण लागला फोन तरी मला पुढचं जमत नाही रे. कसा आहेस विचारलं की तू म्हणतोस "मस्त". त्या मस्तच्या पुढे काय विचारायचं, ते मला येत नाही. गाडीचं असलं की बोलता येतं.

केदार : मलापण तसंच होतं.

बाळ : काय?

केदार : मलापण गाडीचंच जमतं. तुमच्या ट्रिप्स बघतो मी रोज. सकाळी गाडी भाजी मार्केटला गेली की कळतं, उठलात, बरे आहात. मग कामाला लागतो. जानेवारीत दोन दिवस गाडी हललीच नव्हती, तेव्हा मी सोसायटीच्या ऑफिसला फोन केलेला.

मंदाकिनी : म्हणून तो मॅनेजर वर आला होता होय! पाण्याचं मीटर बघायचं म्हणाला.

केदार : मीच सांगितलेलं त्याला, काहीतरी निमित्त काढून जा म्हणून.

मंदाकिनी : अरे, मग आम्हाला का नाही केलास फोन?

केदार : काय विचारणार होतो, आई? गाडी का हलली नाही?

मंदाकिनी : हो. तेच विचारायचं.

बाळ : सर्दी झाली होती मला. म्हणून नव्हती हलली.

केदार : आता बरी आहे?

बाळ : जानेवारीतली सर्दी रे ती! आता एप्रिल लागेल.

मंदाकिनी : हसू नका दोघं. बाप तसा लेक. एक पार्किंगमध्ये बसतो, दुसरा मोबाईलमध्ये नाक खुपसून बसतो, आणि मी मध्ये वाल सोलत.

केदार : आई, ते वाल फ्रीजमध्ये किती टिकतात?

मंदाकिनी : खालच्या फ्रीजमध्ये टिकतील दोन-तीन दिवस.

केदार : म्हणजे रविवारपर्यंत टिकतील.

मंदाकिनी : टिकतील.

केदार : बरं.

मंदाकिनी : नुसतं बरं?

बाळ : अगं, राहू दे. नको विचारूस.

मंदाकिनी : नाही विचारत. अहो, टेम्पो गेला पुढे! मागचे हॉर्न मारताहेत, चला. सगळं मोकळं झालंय.

बाळ : हो, घेतो.

केदार : बाबा, इंजिनचा आवाज आला. सुटला का जाम?

बाळ : छे रे. बॅटरी भरतेय नुसती. अजून बराच आहे. पार कासारवडवलीपर्यंत.

केदार : हो का.

मंदाकिनी : आणि तुझ्याकडचे हॉर्न कसे थांबले? कधीचा ऐकतेय मी, आवाजच नाही. सुटलास ना तू?

केदार : नाही गं आई. मीपण अडकलोय अजून. बोला ना बाबा.